बाजू मांडणारे साहेब

आमचे हे फौजेत ट्रक चालवायचे. इंजिनाचा आवाज जरा बदलला तरी भरल्या ताटावरून उठायचे. मी तापाने फणफणले तरी ढिम्म. एकदा साहेब तोंडी म्हणाले, डिझेलची पिंपं गावाबाहेरच्या पंपावर उतरव. ह्यांनी उतरवली. हे आणि पंपवाला, दोघंही पकडले गेले.

चोरी एकच, पण कोर्टं दोन. ह्यांचं लष्करी, पंपवाल्याचं बाहेरचं. लष्करी कोर्टातही वकील लावता येतो. मी माहेरच्यांच्या नाकदुऱ्या काढून एक आणला, तर ह्यांनी त्याला दारातूनच वाटेला लावलं. तिथे आपली बाजू मांडायला आपल्याच तुकडीतला अधिकारीही मागता येतो. ह्यांनी मागितलं कुणाला? त्याच साहेबांना.

"अहो, पिंपं त्यांनीच उतरवायला सांगितली ना?"

"म्हणूनच. हुकूम माझा होता, असं ते स्वतः सांगणार आहेत. मला फक्त गप्प राहा म्हणालेत."

हे गप्प राहिले. साहेबही हुकमाबद्दल चकार शब्द बोलले नाहीत. शेवटी म्हणाले, माणूस जुना आहे, दया करावी. म्हणजे गुन्हा ह्यांच्याच गळ्यात. निकाल झटपट लागला. नोकरी गेली, पेन्शन गेलं, क्वार्टर सोडावं लागलं. साहेब निरोपालाही आले नाहीत. मेल्याला मी कितीदा चहा पाजला होता.

बाहेरचं कोर्ट काही देवाघरचं नव्हतं. तारखांवर तारखा, पंखा बंद, कारकून जांभया देतोय. पंपवाल्याचे केस पिकले. पण त्याच्या वकिलाने ह्यांना साक्षीला बोलावलं आणि पहिलाच प्रश्न टाकला, "पिंपं कुणाच्या हुकमावरून उतरवलीत?"

ह्यांनी साहेबांचं नाव घेतलं. मी मागच्या बाकावरून अर्धी उठले. न्यायाधीशबाईंनी साहेबांना बोलावून घेतलं. उलटतपासणीत साहेबांची तत-पप झाली. पंपवाल्याने फौजेचा हुकूम समजून पिंपं ठेवून घेतली, हे कोर्टाला पटलं. तो सुटला.

पायऱ्यांवर त्याने ह्यांचे हात धरले. "तुमच्यामुळे वाचलो." ह्यांच्या निकालाचं मी त्याच्या वकिलाला विचारलं. म्हणाला, तिथे दाद मागायची मुदत कधीच टळली.

घरी येताना मला राहवलं नाही. "हेच तिथे का नाही बोललात?"

"तिथे कुणी विचारलंच नाही."

"विचारणारा माणूस मी दारात आणून उभा केला होता," मी म्हटलं. "तुम्ही त्याला आत या म्हणाला नाहीत."