आत्याबाईंचे डोळे आणि भाड्याच्या रहस्यकथा

नात पुण्याला मेंदूच्या कसल्याशा विषयात शिकते. परवा तिचा फोन आला तेव्हा मी मेथी निवडत बसले होते. "आजी, ऐक ना, भारी आहे," म्हणाली. परदेशात डॉक्टरांनी म्हणे काही निपचित पडलेल्या माणसांना यंत्रात ठेवलं. ज्यांच्या आत आता कोणी नाही असं सगळे धरून चालले होते, अशी ही माणसं. त्यांना सांगितलं, मनातल्या मनात आपल्या घरातून चालत जा, या खोलीतून त्या खोलीत. आणि काहींच्या मेंदूत नेमके तेच भाग जागे झाले, जे तुमच्याआमच्या मेंदूत झाले असते. बोट हलत नाही, पापणी लवत नाही, पण माणूस आत घरभर फिरतोय.

"मला माहीत आहे," मी म्हटलं.

"तुला कसं माहीत?"

"रहस्यकथेत वाचलंय."

ती खळखळून हसली. हसू दे. शिकलेल्या माणसाला म्हातारीचं हसू येतंच. पण मग मी तिला सगळं सांगितलं. तेच इथे लिहिते आहे.

महाराष्ट्र होऊन तेव्हा थोडीच वर्षं झाली होती. आमच्या बुलढाण्यातले म्हातारे अजून सीपी-बेरारच्या गोष्टी सांगायचे. मी मॅट्रिकपर्यंत शिकलेली, बुलढाण्याच्या गार हवेत वाढलेली, आणि भाड्याच्या रहस्यकथांवर पोसलेली. एस.टी. स्टँडाजवळ एका टपरीत पुस्तकं भाड्याने मिळायची. कोपरे झिजलेली, चहाचे डाग पडलेली, कधी शेवटचं पानच गायब. त्यांत काय नसायचं! लंबक डोलवून संमोहन करणारा काळा कोटवाला, मेलेल्याच्या बुबुळात उमटलेली खुन्याची तसबीर, मैलभर दूर बसून दुसऱ्याचे विचार वाचणारी बाई. घरचे म्हणायचे, पोरीचं डोकं फिरणार. नात सांगते, संमोहन खरं असतं, दुखणं कमी करायला वापरतात, मात्र त्याने कोणाकडून खून करवता येईल ही गोष्टच. आणि बुबुळातल्या तसबिरीसाठी एके काळी शहाण्यासुरत्या लोकांनी सशांच्या डोळ्यांवर प्रयोग केले होते! म्हणजे डोकं माझं एकटीचं फिरलेलं नव्हतं.

लग्न होऊन मी साखरखेर्ड्याला आले. बागाईतदार घर, गावाबाहेर विहीर, विहिरीखाली वांगी, मेथी, लसूण आणि सांबार, म्हणजे कोथिंबीर. माझ्या भावाने पाठराखण म्हणून यायच्या ऐवजी चार पुस्तकं पाठवली, ती मी ज्वारीच्या कणगीत दडवली. सासरी सुनेने पुस्तक वाचणं म्हणजे आधीच मर्कट त्यात मद्य प्यालं, अशी गत.

त्या घरातला कायदा साधा होता. मामाजींसमोर, म्हणजे सासऱ्यांसमोर, सुनेने तोंड उघडायचं नाही. सासूबाईंना मी आत्याबाई म्हणायची. त्यासुद्धा चारचौघांत मामाजींशी बोलत नसत. मग घर चालायचं कसं? डोळ्यांनी. पुरुष जेवायला बसले की आत्याबाई समोरच्या भिंतीला टेकून बसायच्या, मी भाकरीची टोपली घेऊन चुलीच्या खोलीच्या दारात उभी. कोणाचं ताट रिकामं झालं की त्यांची बुबुळं हळूच वर जायची. वर म्हणजे वाढ. खाली गेली की पुरे. पहिल्या महिन्यात मी इतक्या चुका केल्या, की आमच्या ह्यांच्या ताटात नको असताना चौथी भाकरी पडली आणि मामाजी अर्धपोटी उठले. आत्याबाई चुलीपाशी येऊन म्हणाल्या, "काय वं, इतकी शिकली अन् तुले डोळे वाचता येत नाई?" मला असा राग आला, की पुस्तक वाचणाऱ्या बाईला हे कोण शिकवणार! पण शिकले. वर्षभरात अशी शिकले, की माझा हात त्यांच्या डोळ्यांना बांधल्यासारखा चालायचा. मनाला विचारावंच लागत नसे.

पुस्तकं त्यांना सापडली ती पेरणीआधी कणगी साफ करताना. मी गारठले. त्यांनी पुस्तकावरचा पिस्तूलवाला माणूस उलटासुलटा करून पाहिला, पुस्तक परत आत ठेवलं आणि वर ज्वारी लोटली. दुसऱ्या दिवशी मेथीच्या वाफ्यात निंदताना इकडेतिकडे बघून म्हणाल्या, "काय लिवलंय वं त्याच्यात?"

मग काय, निंदणही चालू आणि गोष्टही. त्यांना सगळ्यांत आवडली ती एका श्रीमंत म्हाताऱ्याची. त्याचे पुतणे त्याला विष देतात, तो मेल्यासारखा पडतो, पण आतून जागा असतो. पुतणे त्याच्या उशाशी बसून आपला बेत बोलतात, तो सगळं ऐकतो. शेवटी गुप्तहेर त्याच्या पापण्यांकडून जबानी घेतो. मी अगदी रंगवून सांगितलं. आत्याबाईंनी खुरपं थांबवलंसुद्धा नाही.

"डोळ्यानं बोलला, त्यात काय नवल? आपुन रोज बोलतो."

माझ्या गोष्टीतली सगळी हवाच गेली. तिकडे पुण्यामुंबईच्या लेखकाने एवढं डोकं चालवलं आणि इकडे मेथीच्या वाफ्यात त्याला कोणी विचारेना.

मग थंडी आली. बाजाराच्या आदल्या दिवशी सांबाराच्या जुड्या बांधताना आत्याबाई विहिरीच्या थारोळ्यापाशी, मोटेचं पाणी पडतं तिथे, कोसळल्या. उचलून घरी आणलं. मेहकरहून एक डॉक्टर फटफटीवर आले. त्यांनी चिमटे काढले, तळपायाला किल्ली ओढली, डोळ्यांपुढे हात हलवला. काही नाही. लकवा सगळ्या अंगावरून गेला आहे, सेवा करा, आणखी माझ्या हातात काही नाही, म्हणाले. त्यांना दोष देत नाही. नात सांगते, मेंदूच्या देठाशी इजा झाली की वरचा मेंदू शाबूत राहतो, फक्त खाली निरोप जायची वाट तुटते. डोळे आडवे फिरत नाहीत, वर-खाली तेवढे होतात. त्या काळी मोठ्या शहरातल्या डॉक्टरांनाही हे ओळखणं सोपं नव्हतं, तर फटफटीवाल्याला कुठून कळणार.

मामाजींच्या थोरल्या बहिणीने येऊन सूत्रं हातात घेतली. बाई करारी. चार गावांतली मरणं तिने निस्तरलेली, तिच्या शब्दाबाहेर कोणी जात नसे. तिने जमीन सारवून घेतली, आत्याबाईंना खाटेवरून भुईवर घेतलं, डोक्याखाली गोधडीची घडी, उशाशी तुळस आणि गंगाजळी. आमच्याकडे खाटेवर जीव जाऊ देत नाहीत. आणि एकदा खाली घेतलं की अन्न थांबतं. "आता तोंडात काई घालू नका," ती म्हणाली, "जीव अटकते." ओठ ओले करायचे तेवढे. मधूनच आत्याबाईंची बुबुळं वर जायची आणि ती बाई सगळ्यांना दाखवायची, "पाहा, डोळे फिरले. आता निंगाली माय."

मी चुलीच्या दारात उभी राहून रडत होते. मला सासू आवडत होती. असं उघड म्हणायची पद्धत नव्हती, आज म्हणते.

मामाजींनी अन्न सोडलं होतं. दुसऱ्या दिवशी दुपारी बहिणीने दटावून त्यांना जेवायला बसवलं, तिथेच, आत्याबाईंच्या पायाशी. मामाजींच्या पाठीमागे चुलीचं दार आणि दारात टोपली घेऊन मी, नेहमीसारखी. मामाजींनी पिठल्याशी अर्धी भाकरी कशीबशी संपवली. ताट रिकामं झालं. आत्याबाईंची बुबुळं वर गेली.

मी पुढे होऊन अर्धी भाकरी वाढली.

बुबुळं खाली आली.

मी दारात परत आले. मी कोणाच्या सांगण्यावरून वाढलं? मामाजी मान खाली घालून बसलेले, त्यांनी मागितलं नव्हतं. त्यांच्या बहिणीला तर भावाने एक घास खाल्ला हेच खूप होतं. हाताला कळलं होतं, डोक्याला आता कळत होतं. आत्याबाई आत होत्या. आपल्याला भुईवर घेतलेलं त्यांना समजत होतं, गंगाजळी समजत होती, अन्न थांबवलेलं समजत होतं. आणि अशा वेळी ती बाई नवऱ्याचं ताट बघत होती.

गोष्टीतला तो म्हातारा मला आठवला नसता तर मी गप्प बसले असते. माझ्या मनाचा खेळ समजून चुलीकडे तोंड फिरवलं असतं. पण मी वाचलं होतं, की असं असू शकतं. कोणीतरी कुठेतरी ते कागदावर लिहिलं होतं. टोपली खाली ठेवून मी भरल्या घरात, मामाजींच्या देखत, जन्मात पहिल्यांदा मोठ्याने बोलले.

"आत्याबाई, मले ऐकू येऊन राह्यलं का तुमाले? असलं तर डोळे वर करा."

घाबरून मी शब्दांची पार खिचडी केली होती. पण डोळे वर गेले.

"लाज हाय का नाई हिले!" मामाजींची बहीण उसळली. "मरणाऱ्या माणसापाशी थट्टा करते! बाहेर काढा हिले."

आमचे हे उठले, मला हाताला धरून बाहेर न्यायला. भित्रं माणूस, या बाईच्या धाकातलं. मी दाराची चौकट धरून ठेवली. मामाजींनी हात वर केला.

"थांबा." मग त्यांनी ताट बाजूला सारलं आणि बायकोच्या तोंडासमोर वाकून, सगळ्यांच्या देखत, चाचरत विचारलं, "खालच्या वाफ्यात मेथी हाय का आपली?"

डोळे खाली गेले.

"लसून हाय?"

डोळे वर. तिथे लसूणच होता.

मामाजी आणखी जवळ सरकले. त्या माणसाला मी कधी बायकोशी दोन शब्द बोलताना ऐकलं नव्हतं. ते म्हणाले, "भूक लागली का तुले?"

डोळे वर गेले आणि वरच राहिले. कडेने पाणी यायला लागलं. मामाजी लहान पोरासारखे रडले आणि त्यांची बहीण, जिने मला बाहेर काढायला सांगितलं होतं, तीच धावत चुलीकडे गेली दूध ऊन करायला. मी तिच्यावर फार दिवस रागावून राहू शकले नाही ते त्या धावण्यामुळे.

आत्याबाईंना पुन्हा खाटेवर घेतलं. पाठीला गोधड्यांचा टेका देऊन, गळ्यावरून हात फिरवत, चमचा चमचा पेज. जाईल तेवढी जायची, ठसका लागला की थांबायचं. त्यानंतर दोन वर्षं त्या जगल्या. अंग कधी परत आलं नाही. पण घर बदललं. मामाजी येता-जाता बायकोला विचारायचे, वांगी दुसरबीडच्या बाजारात पाठवू का, बैल विकू का, आणि उत्तराची वाट बघत उभे राहायचे. आयुष्यभराचं बोलणं त्यांनी त्या दोन वर्षांत उरकून घेतलं. ते बघून मला हसू यायचं आणि रडूही.

आणि रहस्यकथा कणगीतून बाहेर आल्या! भाऊ नवीही पाठवू लागला. दुपारी मी खाटेशी बसून मोठ्याने वाचायची. गुप्तहेर चुकीच्या माणसाच्या मागे लागला की आत्याबाईंची बुबुळं खाली. मामाजी ओसरीत सुतळी वळत बसायचे, ऐकत नाही असं दाखवत. एकदा मी मधलं पान गाळलं तर बाहेरून आवाज आला, "अन् ते मोटारीचं काय झालं?" त्या दुपारींसारख्या दुपारी मला पुन्हा मिळाल्या नाहीत. आता घरात टीव्ही आहे, सगळे सगळ्यांसमोर मोकळं बोलतात, चांगलंच आहे. पण ताट संपलं की कोणी कोणाकडे बघत नाही.

दुसऱ्या वर्षी, हरभरा सोंगायच्या, म्हणजे काढणीच्या, दिवसांत, आत्याबाईंच्या छातीत कफ साचला. मेहकरचे डॉक्टर सुई देऊन गेले. मी पेजेचा चमचा ओठांशी नेला. डोळे खाली. थोड्या वेळाने पुन्हा नेला. खाली. मामाजींनी स्वतः चमचा घेतला, "माह्यासाठी एक," म्हणाले. आत्याबाईंनी त्यांच्याकडे खूप वेळ पाहिलं आणि डोळे हळूच खाली घेतले. नवऱ्याला त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा पुरे म्हटलं होतं.

मामाजींनी चमचा वाटीत ठेवला. मग वाकून, अगदी हळू, विचारलं, "भुईवर घेऊ का तुले?"

डोळे वर गेले.

या वेळी जमीन मी सारवली. खाली घेतल्यावर काही सुचेना म्हणून उशाशी बसून अर्धं राहिलेलं पुस्तक उघडलं आणि वाचू लागले. शेवटची थोडी पानं उरली होती, खुनी सापडायच्या बेतात होता. "वाचू ना पुढं?" मी विचारलं. आत्याबाईंनी माझ्याकडे पाहिलं आणि डोळे खाली घेतले. मी पुस्तक मिटलं. थोड्या वेळाने त्या गेल्या.

हे सगळं ऐकून नात फोनवर म्हणाली, "आजी, मग खुनी कोण होता?"

ते पुस्तक अजून माझ्या पेटीत आहे. मी ती पानं वाचलेली नाहीत.