शेवटी बोलायची पाळी

मी चौथी शिकलेला माणूस. पण पेठेतल्या आमच्या तालमीच्या बैठकीत पहिला शब्द माझाच असायचा. मी बोललो की बाकीचे माना हलवायचे आणि चहा यायचा.

गेल्या साली लेकीकडं शिकागोला गेलतो. तिचं घर मेक्सिकन लोकांच्या वस्तीत. भिंतींवर माणसापेक्षा मोठी चित्रं, मक्याच्या रोट्या थापणाऱ्या बायका, दारात खुर्ची टाकून येणाऱ्या-जाणाऱ्याला हटकणारे म्हातारे. मला तिथं परकं वाटलं नाही. एका बंद कारखान्याच्या जागेवर बिल्डरला महागडे फ्लॅट बांधायचे होते आणि वस्तीला बाग पाहिजे होती. लेक मला त्या बैठकीला घेऊन गेली. तिथली रीत अशी, की सगळ्यांत लहान आधी बोलणार, थोरला शेवटी.

"ही कसली उलटी रीत?" मी लेकीला म्हणालो. शेजारी माझ्याच वयाचा एक टोपीवाला बसलेला. लेकीनं त्याला विचारलं, तो काहीबाही बोलला.

"ते म्हणतात आबा, आम्ही म्हातारे आधी बोलायचो, मग पोरं गप बसायची. तशीच वस्तीतली निम्मी घरं बिल्डरांच्या घशात गेली."

मला ते झोंबलं. पण त्या दिवशी शाळेतल्या एका पोरीनं बागेचा नकाशा काढून आणला होता, आणि तो म्हाताऱ्यांच्या भाषणापेक्षा बरा होता. पुढं बाग झाली का, ते मला माहीत नाही. मी निघालो तेव्हा भांडण चालूच होतं.

परत आल्यावर चहाच्या गाडीवर ही गोष्ट मी महिनाभर सांगितली. तिखटमीठ लावून. आपल्याकडं असं पाहिजे, असंही म्हणालो. तिथंच चुकलो.

कारण पुढची बैठक आखाड्याची होती. कुस्तीच्या हौदातली माती काढून तिथं पाळणाघर करायचं, असं काहींच्या मनात होतं. त्या मातीत मी हळद, ताक, तेल, लिंबू घालून उमेदीची वर्षं घालवलेली. नाही म्हणायचं, हे घरूनच ठरवून गेलो होतो. मी घसा खाकरला.

"थांबा की आबा," मागनं एकजण म्हणाला, "शिकागोची रीत हाय न्हवं?"

सगळे हसले. मला शब्द गिळून बसावं लागलं.

पोरं बोलली. मग माझी सून उठली. तालमीच्या बैठकीत ती कधी बोललेली नव्हती. "कागलच्या एमआयडीसीत आम्ही गल्लीतल्या अकराजणी जातो. लेकरं कुलूप लावलेल्या घरात असत्यात. हौदात दोन पोरं उतरत्यात, ती बी सणाला." मग माझ्याकडं बघून म्हणाली, "मामा, तुमची माती वाईट न्हाय. पण ती रिकामी हाय."

बाकीच्या बायका बोलल्या. माझी पाळी येईपर्यंत माझ्याजवळचं सगळं कुणी ना कुणी खोडून टाकलं होतं. आधी बोललो असतो तर हौद वाचला असता, हे मला ठाऊक होतं, आणि सुनेलाही.

"जेसीबी लावायचा न्हाय," मी म्हणालो. "माती मी काढणार."

दुसऱ्या दिवशी सकाळी खोरं घेऊन गेलो. सून कामावर जायच्या आधी आली, पदर खोचला आणि घमेल्याची दुसरी कडी धरली. मी नको म्हणालो नाही.