बहिरा पहारेकरी

लिफ्टमिस्त्रीने पहिल्याच दिवशी आपलं पात्र निवडलं : बहिरा पहारेकरी. ठार बहिरा, कानाशी नगारा वाजवला तरी न हलणारा.

"बहिराच कशाला?" समुपदेशक बाईंनी विचारलं.

"डोक्याला ताप नाही," तो म्हणाला.

कंपनीच्या डॉक्टरांनी त्याला इथे धाडलं होतं. दवाखान्याच्या मागच्या खोलीत दर मंगळवारी दुपारी चौघं चांगली घोडमी माणसं टेबलाभोवती बसून खेळत. बाई गोष्ट सांगायच्या, प्रत्येकाने आपलं पात्र काय करतं ते बोलायचं, आणि जमलं की फसलं ते वीस बाजूंचा फासा ठरवायचा. याला उपचार म्हणतात हे काही मिस्त्रीच्या गळी उतरलं नव्हतं. पण आठ महिने तो कामावर गेला नव्हता आणि गोळ्यांनी नुसती झोप येत होती.

लिफ्टच्या खड्ड्यात त्याच्या दाजींचा, ताईच्या नवऱ्याचा, जीव गेला होता. दोघे जोडीने काम करत : दाजी खाली खड्ड्यात, हा वर गच्चीवरच्या मशीनच्या खोलीत. हा वरून ओरडायचा, "झालं का?" खालून "बाहेर!" असं आलं की मगच मेन स्विच. दुसरा कुठलाही शब्द चालत नाही. पण दाजी पडले मुलखाचे थट्टेखोर. बाहेर येऊन, निवांत विडी पेटवून वर "थांब रे!" म्हणायचे आणि मेहुण्याला तिष्ठत ठेवायचे. वर्षानुवर्षं हेच.

त्या दिवशी रहिवासी जिन्यात जमून डोकं खात होते. खालून "थांब रे!" आलं. मिस्त्री मनाशी म्हणाला, झाली यांची विडी सुरू. आणि त्याने स्विच ओढला.

चौकशीत त्याने सांगितलं, हाक मारली, उत्तर आलं नाही, वाटलं ते बाहेर पडले. ताईलाही तेच. ती दर दोन दिवसांनी विचारायची, "शेवटी काहीच म्हणाले नाहीत का रे ते?" हा मान हलवायचा. आणि मग मोरीच्या जाळीतून, रिकाम्या पिंपातून, नळाला पाणी येण्याआधीच्या त्या फुसफुशीतून दाजी बोलायचे. रागावून नाही. हसत.

सहाव्या मंगळवारी गोष्टीत एक विहीर निघाली. वर साखळीचं चाक, आणि ते फिरवल्याशिवाय पुढचा दरवाजा उघडेना. निवृत्त शिक्षिका खेळात चोर होत्या. त्या किल्ली आणायला विहिरीत उतरल्या. इतक्यात बाईंनी मागून राक्षस सोडला.

"फिरव चाक! बघतोस काय?" बेकरीवाला खुर्चीतून उठलाच.

"थांब रे!" शिक्षिका टेबलाखाली वाकून ओरडल्या. चांगलं नाटक करायच्या. "माझा पाय साखळीत अडकलाय!"

"बोंबला! त्याला कुठे ऐकू येतंय? बहिरा ना तो!"

सगळे खो खो हसले. मिस्त्रीच्या मुठीत फासा होता.

"पहारेकरी काय करतो?" बाईंनी विचारलं.

"त्याला ऐकू येतं," मिस्त्री म्हणाला.

"ए, असं मध्येच बदलायचं नाही हं!" बेकरीवाला तडकला.

"मध्येच नाही. पहिल्यापासून येतं. सोंग करतोय तो."

"म्हणजे ऐकूनसुद्धा फिरवणार होतास? माझा जीव—" शिक्षिका हसत म्हणाल्या. त्याच्या तोंडाकडे लक्ष गेलं आणि त्यांचं वाक्य तिथेच राहिलं.

बाईंनी खेळ थांबवला. त्याने फासा टेबलावर ठेवला, टाकला नाही, आणि चपला घालून बाहेर पडला.

ताई कपड्यांच्या घड्या घालत होती. आठ महिने झाले तरी दाजींचे दोन सदरे प्रत्येक धुण्यात असायचे.

"ताई, मी खोटं बोललो. ते म्हणाले होते. थांब रे म्हणाले होते. मला ऐकू आलं. मला वाटलं, थट्टा करताहेत."

ताईचे हात सदऱ्यावर तसेच राहिले. ती रडेल, थोबाडीत मारेल, दाराकडे बोट करेल, कशालाही त्याची तयारी होती.

"कसं म्हणाले?" तिने विचारलं.

"म्हणजे?"

"त्यांच्यासारखं म्हणून दाखव."

त्याने मान खाली घातली, आणि म्हटलं. आवाज त्याचा नव्हताच.

ताईने डोळे मिटले. "पुन्हा," ती म्हणाली.