अजून वास सुटला नाही

रविवार, दुपारचे तीन. हजर: मी, सासूबाई आणि ओव्हनमध्ये संत्र्याचे बारा छोटे केक. वरून ओतायचा संत्र्याच्या रसाचा पाक मी ढवळत होते. घड्याळ लावायचं नाही, वास सुटला की केक काढायचे, ही सासूबाईंची रीत. म्हणून त्या ओव्हनजवळ खुर्ची टाकून बसल्या होत्या.

सालीचा वास घरभर पसरला. त्या उठतील म्हणून मी थांबले. मग करपट वास आला. त्या तशाच शांत.

"आई, करपले की हो!"

"छे गं, अजून वासच कुठे सुटलाय? तुझी नेहमीची घाई."

मी केक बाहेर काढले. काळ्या कडा बघून त्या म्हणाल्या, "मेला तुझा ओव्हनच लबाड!"

मी हसले, पण करपट वासही त्यांना आला नव्हता. घरातली किती संकटं आधी नाकाला कळतात! दूध करपतं, वायर जळते, गॅस गळतो. आम्ही कामावर असताना रोज चार वाजता त्या एकट्या स्वतःचा चहा करतात. तेवढा एक चहा त्यांचा, कुणाला न विचारता केलेला.

कडा कापून मी पाक ओतला. माझ्या रविवारच्या यादीतली बाकी कामं झाली. उद्यापासून दुपारी गॅस पेटवू नका, हे त्यांना सांगायचं राहिलंय.