पोटात विस्तव बाळगणारे किच्चूअण्णा

दुसऱ्याची नवी वस्तू पाहून ज्याच्या पोटात दुखत नाही असा माणूस मला अजून भेटलेला नाही. आपण सगळे ते दुखणे हसून झाकतो, ‘वा, छान आहे हो’ म्हणतो आणि घरी येऊन मुकाट्याने जेवतो. किच्चूअण्णांना हे झाकणे कधी जमले नाही. कुणी नवी सायकल, नवा दिवा, अगदी हवा भरायचा पंप जरी दाखवला, तरी ते आधी ती वस्तू डोळे भरून पाहत, मग उजव्या हाताचा पंजा पोटावर ठेवत आणि भर रस्त्यात मोठ्याने म्हणत, ‘पेटलं रे, पेटलं!’

कानडीत हेव्याला ‘होट्टेकिच्चु’ म्हणतात. होट्टे म्हणजे पोट आणि किच्चु म्हणजे विस्तव. हुबळीतल्या कुणीतरी त्यातला विस्तव उचलून त्यांच्या नावाला चिकटवला, आणि नारायणराव हे खरे नाव दुकानाच्या पाटीपुरते उरले. घराणे मूळचे मिरजेकडचे, बाजारात वडिलांपासूनचे कापडाचे दुकान. या टोपणनावाचा अण्णांना राग नव्हता. ‘खोटं काय आहे त्यात?’ ते म्हणायचे. ‘इतरांचा विस्तव राखेखाली असतो. माझा उघडा आहे, एवढंच.’

मी धारवाडला शाळेत मास्तर होतो, त्यांच्याहून सातआठ वर्षांनी लहान. आमची गाठ पडली हुबळीच्या लॅमिंग्टन रोडवर, बसप्पाच्या सायकलच्या दुकानात. दोघांनाही एकच वेड होते. सुटी लागली की सायकलला वळकटी बांधायची आणि हल्याळ, दांडेली, यल्लापूर अशा कुठल्यातरी रानाच्या वाटेला लागायचे. पण खरे सांगायचे तर रानाइतकेच आम्हाला रानात न्यायच्या सामानाचे वेड होते. बसप्पाने ते बरोबर ओळखले होते. काही नवे आले की तो आधी मला हाक मारी, ‘बर्री मास्तर, होस माल बंदद.’ या, नवा माल आलाय. एक नग मला विकला की दुसरा आपोआप खपतो, हे त्याला पक्के ठाऊक होते. अण्णा माझी वस्तू हातात घेत, तिचा वास घेत, उलटीसुलटी करत, पोटावर हात ठेवत आणि बसप्पाकडे वळून विचारत, ‘आणखी एक आहे का?’

एकदा आम्ही कॅरियरच्या दोन्ही अंगांना लटकवायच्या खाकी कॅनव्हासच्या पिशव्या घेतल्या. एकाच गठ्ठ्यातल्या, एकाच शिलाईच्या. तरी धारवाडच्या वाटेवरचे रायापूर येईपर्यंत अण्णांचे लक्ष माझ्याच कॅरियरवर होते.

‘मास्तर, दोन्ही सारख्या आहेत हे मान्य,’ ते म्हणाले, ‘पण तुझी पिशवी जरा जास्तच पिशवी दिसते.’

मी म्हटले, ‘मग बदलून घ्या.’ त्यांनी लगेच बदलून घेतल्या. संध्याकाळी परतताना पाहतो तर ते आपल्याच आधीच्या पिशव्यांकडे टक लावून पाहत होते.

हे वाचून कुणाला अण्णा कोत्या मनाचे वाटतील, म्हणून कलघटगीपुढे काय घडले ते सांगितले पाहिजे. आम्ही यल्लापूरला निघालो होतो. अण्णांनी त्याच आठवड्यात एक नवाकोरा विलायती टायर घेतला होता आणि तो मेणकापडात गुंडाळून पाठीमागे बांधला होता. जुना टायर अजून धडधाकट होता, त्यामुळे नव्याला हात लावायची वेळ आली नव्हती. मधूनच उतरून ते मेणकापड उघडत, टायरच्या नक्षीवरून बोट फिरवत आणि पुन्हा बांधून ठेवत. पुढे रस्त्यावर नव्याने पसरलेल्या खडीत माझा मागचा टायर चांगला वीतभर फाटला आणि ट्यूब बाहेर आली. आजूबाजूला जंगल, गाव मागे राहिलेले. मी खाली बसून फाटलेला टायर बघत राहिलो. अण्णा उतरले, मेणकापड सोडले आणि टायर माझ्या पुढ्यात ठेवला.

‘अण्णा, नवा आहे हो तो.’

‘मला माहीत आहे नवा आहे ते. माझ्या पोटात आता कालवणार, ते कालवू दे. तू बोलू नकोस. टायर चढव.’

यल्लापूरपर्यंत ते माझ्या मागून सायकल चालवत राहिले. पुढे जा म्हटले तरी जाईनात. ‘मला बघू दे,’ ते म्हणाले. ‘माझा टायर तुझ्या चाकाला काय पळतोय! माझ्या चाकाला असा पळाला नसता.’ त्यांच्या आवाजात खराखुरा हेवा होता. पण तो टायर त्यांनी कधी परत मागितला नाही. हेवा आणि देणे या दोन गोष्टी त्यांच्यात शेजारी शेजारी राहत. एकीने दुसरीची वाट कधी अडवली नाही.

माझा हेवा मात्र राखेखालचा होता. अण्णांनी मुंबईहून तीन गियरची सायकल मागवली तेव्हा तो वर आला. हिरवी, सोनेरी रेघांची, दांडीवर इवलासा खटका. चढावर तो ओढला की पाय हलके होतात, असे ते सांगत होते आणि मी ऐकत होतो. माझ्या पगारात तसली सायकल बसणारी नव्हती. मी तोंडभर हसून म्हटले, ‘छान आहे हो अण्णा. अगदी छान.’

अण्णांचा चेहरा पडला. ‘एवढंच?’

‘म्हणजे?’

‘पेटलं नाही?’

‘छे छे, मला आनंदच झाला.’

‘खोटं बोलतोस,’ ते म्हणाले. ‘तुझ्या कानाच्या पाळ्या लाल झाल्यात. अरे, मी इतकी वर्षं तुझ्या दिव्यावर, तुझ्या पंपावर, तुझ्या पाण्याच्या बाटलीवर जळलो. काही हातचं राखलंय का कधी? आणि आज माझी पाळी आली तर तू मला नुसतं छान म्हणतोस?’

त्यांना खरोखरच वाईट वाटले होते. बसप्पाच्या दुकानात, चारचौघांत, मी पोटावर हात ठेवला आणि म्हणालो, ‘पेटलं, अण्णा.’ म्हणताच मला इतके मोकळे वाटले की मी हसू लागलो. अण्णांनी तत्काळ सायकल माझ्या हातात दिली. ‘जा, रायापूरपर्यंत जाऊन ये. परत आलास की आणखी पेटेल.’ तसेच झाले.

पुढे मला मुलगी झाली. मालू. अण्णा आणि काशीवहिनी यांना मूल नव्हते. लग्नाला बरीच वर्षे झाली होती, आणि त्या विषयावर दोघे कधी बोलत नसत. बारशाला दोघेही धारवाडला आले. अण्णा पाळण्यापाशी गेले आणि बायकांचे बोलणे एकदम थांबले. माझ्या आईने पदर घट्ट धरला. या माणसाची ख्याती तिच्याही कानावर होती. अण्णांनी मालूकडे बराच वेळ पाहिले. त्यांचा हात पोटाकडे गेला. मग ते अगदी हळू म्हणाले, ‘पेटलं रे मास्तर.’ कुणी हसले नाही. ते वळताच आईने मीठमोहऱ्या आणायला सांगितल्या.

त्यानंतर थोड्याच दिवसांत मालूला ताप भरला. अंगावर गोवर उठला. गल्लीतल्या निम्म्या पोरांना तो आला होता, डॉक्टरांनीही तेच सांगितले. पण आईच्या मनात दुसरेच होते. मी शाळेत असताना अण्णा हुबळीहून सायकल मारत आले, पिशवीत द्राक्षे घेऊन. आई दारातच उभी राहिली. ‘बाळ झोपलंय,’ ती म्हणाली. ‘आणि हे बघा, तुम्ही आता काही दिवस येऊ नका.’ अण्णांनी द्राक्षे पायरीवर ठेवली आणि आल्या पावली परत गेले. हे सारे मला सुमतीने, म्हणजे माझ्या बायकोने, संध्याकाळी सांगितले.

मालू बरी झाली, बसायलाही लागली. अण्णा आले नाहीत. सुटीत दांडेलीला जायचे ठरले होते, त्यांनी दुकानाचे काम आहे असा निरोप पाठवला. शेवटी मी बसप्पाकडून एक नवा दिवा घेतला. चाकावर फिरून आपोआप पेटणारा, कार्बाइडची कटकट नसलेला. तो घेऊन सरळ अण्णांच्या दुकानात गेलो. त्यांनी दिवा पाहिला. वास घेतला नाही, उलटा केला नाही.

‘छान आहे, मास्तर,’ ते म्हणाले. ‘तुम्हाला लखलाभ होवो.’

तुम्हाला! इतक्या वर्षांत त्यांनी मला कधी अहोजाहो केले नव्हते. दिवा घेऊन मी परत आलो आणि सुमतीला म्हणालो, ‘त्यांनी मला परकं केलं.’

सुमती म्हणाली, ‘आपण आधी केलं.’ दुसऱ्या दिवशी तिने मालूला कडेवर घेतले. आईने विचारले, कुठे निघालीस. सुमतीने सांगितले. आई काही बोलणार तोच ती म्हणाली, ‘आई, गोवर अख्ख्या गल्लीला आला होता. त्या सगळ्यांच्या घरी अण्णा गेले होते का?’

आम्ही गाडीने हुबळीला गेलो. दुपारची वेळ, दुकानात गिऱ्हाईक नव्हते. सुमतीने मालूला उचलून अण्णांच्या पुढ्यात पांढऱ्या बैठकीवर ठेवले. अण्णा अंग चोरून मागे सरकले.

‘अण्णा, हिला तुम्ही बारशानंतर पाहिलंच नाही. कशी दिसते?’

‘छान आहे. सुखी राहो.’

‘छान तर भाजीवालीही म्हणते,’ सुमती म्हणाली. ‘खरं सांगा.’

‘सुमती, तो शब्द मी टाकलाय.’ ते रस्त्याकडे पाहत म्हणाले. ‘माणसं घाबरतात. माझ्या लक्षात आलं नव्हतं. मला वाटायचं, सगळे हसतात.’

‘आम्ही घाबरलो नाही.’

काशीवहिनी आतल्या दारात येऊन उभ्या राहिल्या होत्या. मालूने बैठकीवरच्या गजाच्या मापाचे टोक तोंडात घातले. अण्णांनी ते काढून घेण्यासाठी हात पुढे केला, आणि तिने माप सोडून त्यांचे बोट धरले. त्यांना ते सोडवता येईना.

‘पेटलं गं,’ ते म्हणाले. ‘ही झाल्याचं कळलं त्या दिवसापासून पेटलंय ते विझत नाही. पण म्हणून हिचं काही वाईट व्हावं असं माझ्या…’ वहिनींनी पदर तोंडाला लावला.

‘मग घरी या,’ सुमती म्हणाली. ‘पेटलेले या.’

आणि ते येऊ लागले. आईने आपला हट्ट सोडला नाही. ते आले की ती त्यांच्यादेखतच मालूवरून मीठमोहऱ्या ओवाळी. अण्णा जवळ येऊन बसत. ‘आई, एक मूठ माझ्यावरूनही ओवाळा. ही हसली की मलाच दृष्ट लागते.’ पहिले काही दिवस आईने ऐकून न ऐकल्यासारखे केले. एक दिवस खरेच त्यांच्यावरून मूठ ओवाळली. त्यानंतर तिने त्यांना जेवल्याशिवाय कधी जाऊ दिले नाही.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात बसप्पाचे दुकान ओस पडले. विलायती माल बंद, टायर मिळेना, ट्यूबला ठिगळावर ठिगळ. अण्णा म्हणायचे, ‘कुणाकडेच काही नवं नाही. माझं पोट थंड पडलंय, बरं वाटत नाही.’ ते थट्टेत बोलत, पण त्याच सुमारास त्यांची छाती खरोखर बिघडली. आधी चढ बंद झाले, मग सायकल, मग दुकानाच्या पायऱ्या. तीन गियरची हिरवी सायकल त्यांनी विकली आणि ती घेणाऱ्याचा दिवसभर हेवा केला.

लढाई संपल्यावर मी मालूला घेऊन अरबैल घाटाने गोकर्णला जायचे ठरवले. ती आता कॅरियरवर बसून दूरचा पल्ला गाठण्याएवढी मोठी झाली होती. लॅमिंग्टन रोडवर कितीतरी दिवसांनी नवे सामान दिसत होते. मी तिच्यासाठी कॅनव्हासचे बूट, पाठीवरची छोटी पिशवी, पाण्याची बाटली घेतली, माझ्यासाठी नवे टायर घेतले. ते घेऊन अण्णांकडे गेलो, तर त्यांनी सगळे आपल्या अंथरुणावर मांडायला लावले. एकेक वस्तू हातात घेऊन वास घेतला. नंतर दमून उशीला टेकले.

‘आता ऐक,’ ते म्हणाले. ‘परत आलास की सगळं येऊन सांगायचं. हल्ली लोक मला सांगतात, लग्नात जेवणच बरं नव्हतं, यात्रेत पावसानं घोटाळा केला. मला बरं वाटावं म्हणून. तू तसलं काही करू नकोस. छान झालं तर छान झालं म्हणूनच सांग.’

प्रवास फार सुंदर झाला. परतल्यावर मी मालूला घेऊन हुबळीला गेलो. अण्णा आणखी खंगले होते. त्यांचा चेहरा पाहून माझ्या जिभेवर अगदी आले होते की, ऊन फार होते हो, उगीच गेलो. त्यांनी माझ्याकडे रोखून पाहिले. मी बसलो आणि सांगायला लागलो. सकाळच्या धुक्यात घाट कसा लागला, ब्रेक सोडल्यावर वारा कानात कसा भरला, नवे टायर रस्त्याला कसे धरून चालले. अंकोल्यापुढे झाडीच्या फटीतून पहिल्यांदा समुद्र दिसला तेव्हा मालू मागून कशी ओरडली. अण्णांनी डोळे मिटले होते. चादरीवरची बोटे आवळली जात होती. वहिनींनी दारातून मला खूण केली, पुरे करा. मी थांबलो.

‘थांबलास का?’ अण्णांनी डोळे न उघडता विचारले. ‘पाण्यात उतरलात की नाही?’

‘उतरलो.’

‘गार होतं?’

‘नाही अण्णा. कोमट होतं. बाहेर यावंसं वाटत नव्हतं.’

‘मग पुढे सांग,’ ते म्हणाले. मी पुढे सांगत राहिलो, आणि एकही गोष्ट कमी करून सांगितली नाही.