दसऱ्याची इटालियन गाडी

इतकी आगाऊ गाडी मी दुसरी पाहिली नाही. बुकित बातोकच्या एका वर्कशॉपमध्ये, दसऱ्याला, झेंडूचा हार घालून उभी होती. पाचरीसारखी निमुळती, लालभडक, जुनी इटालियन सुपरकार. दारं बाजूला उघडत नाहीत, वर उचलली जातात. काच जेमतेम हात बाहेर निघेल एवढीच खाली येते. तिचं नाव म्हणे तिकडच्या बोलीतला उद्गार आहे, आपल्या 'अबब'च्या जातीचा. जन्मतःच स्वतःला अबब म्हणवून घेणाऱ्यांशी माझं कधी जमलेलं नाही.

गाडी वर्कशॉपच्या मालकांची होती आणि मला त्यांच्याकडे नोकरी हवी होती. चिंचवडला चार वर्षं मी ट्रकच्या गिअरबॉक्सवर काम केलं होतं. मग नवऱ्याला इथे परदेशात, चांगी बिझनेस पार्कमध्ये, बँकेचं सॉफ्टवेअर सांभाळायची नोकरी लागली आणि मी टॅम्पिनीसच्या फ्लॅटमध्ये येऊन पडले. दोन वर्षं पोळ्या लाटल्या. या मराठी मालकांना गिअरबॉक्स खोलून दुरुस्त करणारं माणूस हवंय असं कळल्यावर मी अर्ज पाठवला. उत्तर आलं ते नवऱ्याला. 'दसऱ्याला वहिनींना घेऊन या, बोलू.'

एमआरटीत, म्हणजे इथल्या मेट्रोत, नवरा मोबाइलवर त्या गाडीचा इतिहास पाठ करत होता. ट्रॅक्टर बनवणाऱ्या एका कारखानदाराला आपल्या महागड्या गाडीचा क्लच आवडला नाही. तक्रार केली तर ती गाडी बनवणाऱ्यानं अपमान केला, म्हणून पठ्ठ्यानं स्वतःच गाड्या बनवायला घेतल्या.

"काय बाणा असेल ना!" नवरा म्हणाला.

अपमान झाला म्हणून कारखाना काढायचा तर आधीचा एक कारखाना लागतो, हे मी बोलले नाही. मला मुलाखतीला जायचं होतं.

तिथे मालक आणि मालकीणबाईंनी लेथ, पाने, स्क्रू ड्रायव्हर भिंतीशी मांडून पुजले होते आणि गाडी त्यांच्याकडे तोंड करून उभी केली होती. नवरा लगेच सुरू झाला, "सर, इंजिन मागे, गिअरबॉक्स त्याच्याही मागे, म्हणून काय बॅलन्स!" मालक मान डोलवत होते. स्वतःची गाडी, आणि मान डोलवत होते.

"गिअरबॉक्स इंजिनाच्या पुढे आहे," मी म्हटलं. "दोन सीटच्या मधे. म्हणून गिअरचा दांडा थेट त्यात उतरतो, लांबलचक जोडण्या लागत नाहीत. चाकांकडे जाणारा शाफ्ट तिथून परत मागे वळतो, इंजिनाच्या तेलाच्या टाकीतून." अख्ख्या गाडीत तेवढंच काम मला आवडलेलं. ते कुणीतरी डोकं चालवून केलं होतं.

"वा, वहिनी वाचून आल्यात!" मालक नवऱ्याला म्हणाले.

मग चारी चाकांखाली लिंबं ठेवायला ते वाकले आणि त्यांच्या कमरेत चमक भरली. ते तसेच स्टुलावर टेकले, आणि तेव्हा कुठे सगळ्यांच्या लक्षात आलं की गाडीचं तोंड भिंतीकडे आहे. पुढे जायला जागाच नाही.

"उलटी गाडी लिंबांवरून? मुळीच नाही," मालकीणबाई म्हणाल्या. "अपशकुन होतो."

दोन इंजिनिअर पुरुषांनी शकुनाला शरण जाऊन लिंबं काढली. ठरलं असं, की गाडी उलटी बाहेर काढायची, अंगणात वळवायची आणि मग सरळ लिंबांवरून न्यायची. नवरा ऐटीत आत बसला. आरशात त्याला फक्त इंजिनाचं झाकण दिसत होतं. क्लच त्याच्या पायाला दबेना. गाडी दोनदा आचके देऊन बंद पडली, तिसऱ्यांदा भलताच गिअर पडून पुढे, लेथच्या दिशेनं उसळली. मालक कळवळले, ते कमरेमुळे नव्हे.

"उतर," मी म्हटलं.

ही गाडी मागे घ्यायची तर दार वर उचलायचं, दाराच्या रुंद उंबऱ्यावर बसायचं, धड बाहेर काढून मागे बघायचं आणि पाय आत पेडलवर ठेवायचे. एवढा अबब करून शेवटी रिक्षावाल्यासारखं बाहेर डोकं काढायचं! क्लच जड होता, पण ट्रकचे क्लच दाबलेत मी. एका दमात गाडी बाहेर काढली, वळवली, लिंबं ठेवून घेतली आणि चिरडली. गिअर बदलताना हाताला जो स्वच्छ खटका लागला, त्यानं माझ्या डोळ्यांत पाणी आलं. दोन वर्षांत माझ्या हाताला असं काही लागलं नव्हतं.

मालकीणबाईंनी पेढा दिला. मालक खूश होऊन नवऱ्याला म्हणाले, "वहिनींना सोमवारपासून पाठवा. फोन, गिऱ्हाईकांचं चहापाणी, झकास सांभाळतील."

"मी गिअरबॉक्सच्या कामासाठी अर्ज केला होता," मी म्हटलं.

"अहो, हात काळे होतात त्यात," ते हसले. नवराही हसला.

असल्या जागेवर थुंकून निघून जाणाऱ्या बायकांच्या गोष्टी मीच मैत्रिणींना तिखटमीठ लावून सांगायचे. समोर शटरच्या आत, बाकावर, एक उघडा गिअरबॉक्स तेलात चमकत होता.

"सोमवारी किती वाजता येऊ?" मी विचारलं.