लाल पट्टीचा पेला

माझी चार वर्षांची मुलगी स्वयंपाकघरात आली आणि तिनं हात लांब करून पेला धरला. मी पाण्याचा जग पुढं केला तशी ती मागं सरकली.

"बाबा, वरून ओत ना. लागू देऊ नको."

"कुणी शिकवलं हे?"

"पाळणाघरातल्या मावशींनी. तिथं माझ्या एकटीच्याच पेल्याला लाल पट्टी आहे." तिला त्याचा अभिमान वाटत होता.

हे मेलबर्नमध्ये घडलं. कंधार तालुक्यातल्या आमच्या गावात ते माझ्यासोबत घडलं होतं. बालवाडीत सुकडी वाटताना बाई माझ्या वाटीत वरून टाकायच्या. खाऊन झालं की वाटी धुऊन बाहेरच्या कट्ट्यावर पालथी ठेवायची. फक्त माझी. आई त्याच बालवाडीचं अंगण झाडायची. तिचा खराटा थांबायचा. पुन्हा सुरू व्हायचा.

मुलीला तिथं कुणी पाठवलं? मीच.

इथं आलो तेव्हा मुलीला ठेवायला दोन जागा पाहिल्या होत्या. एक घराजवळची सरकारी. दुसरी लातूरच्या एका बाईंची. त्या परवाना घेऊन घरातच मुलं सांभाळायच्या. बायको म्हणाली, जवळची बरी. मी हट्ट धरला. मराठी कानावर पडेल म्हणालो. इतक्या लांब कोण जात विचारतं, असंही म्हणालो.

बाईंनी चहा दिला. "कंधारकडचे का? मग आपलेच की हो! घर गावाच्या कोणत्या अंगाला?"

आमच्याकडं एवढं विचारलं की पुरतं. माझं आडनाव गावावरून पडलेलं, त्यातून काही कळत नाही.

"मारुतीच्या पाराजवळ," मी म्हणालो.

आमचं घर ओढ्यापलीकडं आहे.

महिन्याभरानं बाईंनी सगळ्या मुलांच्या आज्यांना व्हिडिओ कॉलवर बोलावलं. आदल्या दिवशी मी आईला फोन केला. म्हणालो, भिंतीवरच्या निळ्या कोटातल्या तसबिरीसमोर बसू नको.

"का रं? चोरीची हाय का ती?"

मी कॉलची वेळ सांगून फोन ठेवला. दुसऱ्या दिवशी नवं लुगडं नेसून ती कोऱ्या भिंतीला टेकून बसली. मी बाईंच्या बैठकीत कोपऱ्यात उभा होतो.

"आजी, पाराजवळच घर ना तुमचं?"

"न्हाई बाई. पारावर आम्हाला कोण बसू देतंय? ओढ्यापल्याड हाय आमचं."

माझ्यासाठी तिनं तसबीर लपवली. खोटं बोलणं तिला जमलं नाही. बाई हसल्या. ते हसू मी पाहिलं आणि काहीच झालं नाही अशी मनाची समजूत घातली. त्यानंतर आठवडा गेला.

पोरीनं पेल्याचं सांगितलं, त्याच्या दुसऱ्या सकाळी मी बाईंकडं गेलो. फळीवर तीन पेले होते. चौथा खिडकीबाहेर. पालथा.

"भाऊ, मनाला लावून घेऊ नका. मी काही मानत न्हाई हो. बाकीच्या घरांचं बघावं लागतं. तुम्ही तर समजदार आहात."

समजदार. हा शब्द मिळावा म्हणून मी चाळीस वर्षं मान खाली घातली होती.

"मी तुमच्याशी खोटं बोललो. आमचं घर ओढ्यापलीकडं आहे. पोरगी उद्यापासून येणार नाही. आणि तुम्हाला परवाना देणाऱ्या कचेरीला मी हे लिहून कळवणार आहे."

"एवढं कशाला वाढवायलात? लेकराचंच नाव खराब होईल."

मी तक्रार दिली. तेव्हापासून इथल्या मराठी घरांतून फोन येत नाहीत. दुकानात भेटले की माना वळतात. बायको दार दोनदा तपासते. मुलगी आता सरकारी बालवाडीत जाते, आणि तिथंही हात लांब करूनच पेला धरते. तिथल्या बाईंना कळत नाही. मला कळतं. घरी मी रोज तिचा पेला पाण्याच्या जगाला टेकवतो. ती दचकते. मी पुन्हा टेकवतो.

आईला म्हणालो, तसबिरीखाली बस. ती एवढंच म्हणाली, "बघू."

तिनं मला माफ करावं असं मी म्हणणार नाही. पण आता कुणी गाव विचारलं, की आधी ओढा सांगतो. मग गाव.